न्यायालयांतील लघुलेखकांचें संमेलन

वकिलांच्या परिषदा, वैद्यांचे मेळावे, शिक्षकांचीं अधिवेशनें व साहित्यिकांचीं संमेलनें यांचीं वर्णनें आमच्या वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. परंतु न्यायाधीशाच्या आसनाखालीं मान लववून बसणारा, साऱ्या खटल्यांत स्वतःचा म्हणून क्वचितच शब्द बोलणारा, आणि तरीही इतर प्रत्येकाच्या तोंडचा शब्द टिपून घेणारा जो लघुलेखक, त्याच्या धंद्याचेंही संमेलन भरत असेल ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते. अमेरिकेंत असें संमेलन शंभराहून अधिक वर्षांपासून भरत आलें आहे. १८९९ सालीं शिकागो येथें त्या देशांतील लघुलेखकांनीं आपला राष्ट्रीय संघ स्थापन केला; तोच संघ आज ‘नॅशनल कोर्ट रिपोर्टर्स असोसिएशन’ या नांवानें ओळखला जातो. त्याचें वार्षिक अधिवेशन निरनिराळ्या शहरीं होतें. तेथें काय चालतें, लोक पदरचा पैसा खर्चून तेथें कां जातात, आणि त्यांत आपण विचार करावा असें काय आहे, हें थोडक्यांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम हा धंदा काय आहे तें पाहूं. अमेरिकन न्यायपद्धतींत वकिलाचा प्रत्येक प्रश्न आणि साक्षीदाराचें प्रत्येक उत्तर जसेंच्या तसें नोंदलें जातें. खटला वरच्या कोर्टांत गेला म्हणजे तेथें साक्षीदार पुन्हां येऊन उभा राहत नाहीं. तेथील न्यायाधीशांपुढें असतो तो केवळ हा लेख. खालच्या कोर्टांत कोण काय बोललें याचा तोच पुरावा. त्यांतील एक ‘नाहीं’ गळला तर एखाद्याचें आयुष्य बदलूं शकतें. म्हणून लघुलेखकाला एक विशेष अधिकार असतो: दोघे वकील एकाच वेळीं बोलूं लागले, किंवा साक्षीदार पुटपुटला, तर तो त्यांना थांबवूं शकतो. साक्षीदारानें नुसती मान हलविली तर ‘होय कीं नाहीं तें तोंडानें सांगा’ असें त्यास बजावावें लागतें, कारण मान कागदावर उतरत नाहीं. खटला उभा राहण्यापूर्वीं वकिलांच्या कचेरींत शपथेवर ज्या जबान्या घेतल्या जातात, तेथें न्यायाधीश हजर नसतो; साक्षीदारास शपथ देण्याचें कामही बहुधा हा लघुलेखकच करतो.

बोलण्याच्या वेगानें लिहिण्याची हौस मनुष्यास फार जुनी आहे. महाभारत लिहून घेतांना गणपतीनें लेखणी न थांबविण्याची अट घातली, आणि व्यासांनीं ‘अर्थ समजल्यावांचून अक्षर उमटवूं नये’ अशी उलट अट घातली, ही कथा आपल्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक असते. लघुलेखनाच्या धंद्याचें सारें मर्म या दोन अटींत आलें आहे असें आम्हांस वाटतें. रोममध्यें सिसरोचा लेखनिक टायरो यानें संक्षिप्त चिन्हांची एक पद्धति रूढ केली, आणि इसवी सनापूर्वीं ६३ सालीं केटोचें भाषण अशाच लेखनिकांनीं टिपून ठेवलें, असें प्लूटार्क सांगतो. अठराव्या शतकांत लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयांत थॉमस गर्नी हा खटले टिपून घेत असे. पुढें त्याचीच पद्धति शिकून चार्ल्स डिकन्स नांवाचा एक तरुण कोर्टांत व नंतर पार्लमेंटांत वार्ताहर झाला. ती विद्या शिकतांना काय हाल होतात याचें वर्णन त्यानें ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्यें केलें आहे. १८३७ सालीं आयझॅक पिटमन यानें उच्चारावर आधारलेली आपली पद्धति प्रसिद्ध केली, आणि १८८८ सालीं जॉन ग्रेग यानें आपली. आपल्याकडेही बोरू न उचलतां भरभर लिहितां यावें हा मोडी लिपीचा गुण होताच, आणि दासबोधांत समर्थांनीं लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समासच घातला आहे. लेखन हें जबाबदारीचें काम आहे ही जाणीव आपणांस नवी नाहीं.

आज अमेरिकन कोर्टांत लेखणी जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. तिच्या जागीं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत वॉर्ड स्टोन आयर्लंड यानें तयार केलेल्या स्टेनोटाइप यंत्राची सुधारलेली पिढी आली आहे. हें यंत्र टंकलेखन-यंत्रासारखें नाहीं. त्याची तुलना करावयाची तर ती पेटीशींच करावी लागेल. टंकलेखक एका वेळीं एक अक्षर दाबतो. स्टेनोटाइपवर पेटीच्या सुरांप्रमाणें अनेक पट्ट्या एकदम दाबल्या जातात, आणि एका दाबासरशी एक अवयव किंवा अखंड शब्द उमटतो. पट्ट्या अवघ्या २२, आणि वर आंकड्यांसाठीं एक आडवी पट्टी. डाव्या हाताच्या बोटांखालीं शब्दाचें आद्य व्यंजन, दोन्ही आंगठ्यांखालीं स्वर, आणि उजव्या हाताखालीं अंत्य व्यंजन. सर्व अक्षरांना स्वतंत्र पट्ट्या नाहींत. डाव्या हातास ‘ड’ हवा असेल तर ‘ट’ आणि ‘क’ मिळून दाबावे लागतात, ‘ब’ हवा असेल तर ‘प’ आणि ‘व’. पूर्वीं या यंत्रांतून घडी पडत जाणारी कागदाची अरुंद पट्टी बाहेर येई व लघुलेखक ती रात्रीं घरीं बसून वाचून टंकलिखित करी. आतां संगणक ती खूण क्षणांत इंग्रजींत उतरवितो. तथापि त्यासाठीं प्रत्येक लघुलेखकाला आपला स्वतःचा कोश वर्षानुवर्षें घडवावा लागतो. सारख्या उच्चाराचे पण निराळ्या अर्थाचे शब्द इंग्रजींत पुष्कळ. त्यांना निरनिराळ्या खुणा योजाव्या लागतात. सुताराची हत्यारें जशीं त्याच्या हाताला बसलेलीं असतात, तसा हा कोश त्याच्या धन्याच्या बोटांना बसलेला असतो.

या धंद्यांत शिरण्याची परीक्षा सोपी नाहीं. संघाची जी पहिली मोठी पदवी आहे, तीसाठीं साहित्यिक मजकूर मिनिटास १८० शब्दांच्या, न्यायाधीशानें ज्यूरीस केलेला उपदेश २०० शब्दांच्या, आणि साक्षीचे प्रश्नोत्तर २२५ शब्दांच्या वेगानें, प्रत्येकीं ५ मिनिटें घ्यावे लागतात. आणि प्रत्येक भागांत ९५ टक्के अचूकता लागते. म्हणजे साक्षीच्या ५ मिनिटांत १,१२५ शब्द पडतात व त्यांत ५६ चुका माफ. त्याच्या वरच्या पदवीस हेच वेग २००, २४० व २६० होतात. आपण घरीं सावकाश बोलतों तें मिनिटास १५० शब्दांच्या आसपास. भांडण लागलें म्हणजे मात्र २०० सहज ओलांडतों. कोर्टांत भांडणच चालतें हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्यांचें नवल वाटणार नाहीं. ही विद्या शिकावयास जाणारे पुष्कळ, पुरी करणारे थोडे. मिनिटास १०० शब्दांपर्यंत नेटानें येऊन पुढें महिने न् महिने एकाच वेगावर अडकून राहणें, आणि निराश होऊन शाळा सोडणें, हा अनेकांचा अनुभव.

आतां संमेलनाकडे वळूं. त्याचें मोठें आकर्षण म्हणजे वेगाची शर्यत. ही प्रथा १९०९ सालापासूनची. शर्यतींत तीन फेऱ्या: साहित्यिक मजकूर मिनिटास २२० शब्द, न्यायनिर्णय २३० शब्द, आणि प्रश्नोत्तर २८० शब्द. शेवटच्या फेरींत ५ मिनिटांत १,४०० शब्द कानांवर आदळतात. एका सेकंदास साडेचारांहून अधिक. दालनांत शेकडो माणसें असली तरी त्या ५ मिनिटांत वाचणाऱ्याच्या आवाजाखेरीज कांहीं ऐकूं येत नाहीं, कारण या यंत्रांच्या पट्ट्या जवळजवळ निःशब्द असतात. मग स्पर्धक ठराविक वेळांत आपला मजकूर शुद्ध करून देतात, आणि परीक्षक स्वल्पविरामापर्यंत तो तपासतात. दुसरी स्पर्धा तत्क्षण-लेखनाची. तींत शुद्ध करण्यास वेळच नाहीं. यंत्रावर हात पडला कीं जें उमटेल तेंच हातावेगळें करावयाचें. आमच्या मतें ही दुसरी अधिक कठीण, कारण पहिलींत चुकलेलें सांवरतां येतें.

या शर्यतींतून कांहीं नांवें अजरामर झालीं आहेत. नेथन बेहरिन यानें १९२२ सालीं, यंत्रानें नव्हे तर पिटमनच्या पद्धतीनें हातांत लेखणी घेऊन, मिनिटास ३५० शब्दांच्या वेगानें दोन मिनिटें लिहिलें आणि त्यांत दोनच चुका केल्या. अध्यक्ष विल्सन यांचा लघुलेखक चार्ल्स स्वेम यानें १९२३ व १९२४ अशीं लागोपाठ दोन वर्षें ग्रेगच्या पद्धतीनें विजय मिळविला. यंत्राच्या बाबतींत मार्क किस्लिंगबरी याचा २००४ सालचा ३६० शब्दांचा विक्रम गिनीजच्या पुस्तकांत नोंदला गेला, अचूकता ९७.२३ टक्के. आंकड्यांचें हें वेड आपणांस थोडें पोरकट वाटेल. परंतु ज्याला रोजच्या कामांत २२५ची गरज आहे, त्याच्या बोटांत २८०चें बळ शिल्लक असेल तरच तो संथपणें अर्थाकडे लक्ष देऊं शकतो. वेग हा येथें चैनीचा विषय नाहीं. तें अचूकतेचें राखीव भांडवल आहे.

शर्यतीशिवाय संमेलनांत व्याख्यानें असतात. पदवीधारकास दर तीन वर्षांत ठराविक तासांचें शिक्षण घेतल्यावांचून पदवी राखतां येत नाहीं, आणि तें घेण्याची ही सोयीची जागा. तेथें शिकविलें जातें तें केवळ यंत्रशास्त्र नव्हे. शस्त्रक्रियेच्या खटल्यांत कोणते शब्द येतात, विरामचिन्हानें अर्थ कसा पालटतो, साक्षीदार रडूं लागला तर लेखांत काय लिहावें, मनगटांचें दुखणें कसें टाळावें, हे सारे विषय तेथें असतात. एका दालनांत यंत्रांच्या व आज्ञावलींच्या व्यापाऱ्यांचीं दुकानें. यंत्राची किंमत काहीं हजार डॉलर, तेव्हां हातानें दाबून पाहिल्याशिवाय घेणें परवडत नाहीं. एक सभा संघाच्या कारभाराची. तींत नियम बदलण्याचे ठराव येतात व मतें घेतलीं जातात. आणखी एका गोष्टीचा उल्लेख केलाच पाहिजे. युद्धांत लढून आलेल्या वृद्ध सैनिकांच्या मुलाखती तेथील राष्ट्रीय ग्रंथालयासाठीं हे लघुलेखक फुकट उतरवून देतात. संघाच्या प्रतिष्ठानानें अशा हजारो आठवणी कागदावर आणल्या आहेत.

तरीही हे सर्व लाभ घरबसल्या मिळण्याजोगे आहेत. मग लोक जातात कां? याचें उत्तर या कामाच्या स्वरूपांत आहे. वकिलास वकील भेटतात, शिक्षकास शिक्षक. पण कोर्टांत लघुलेखक एकटा असतो. तो दिवसभर माणसांत बसतो आणि कोणाशींच बोलत नाहीं. खुनाच्या खटल्यांतील आईची साक्ष त्यानें ऐकलेली असते, लहान मुलावरील अत्याचाराचा तपशील त्यानें शब्दशः उतरविलेला असतो, आणि चेहऱ्यावर कांहीं दिसूं न देणें हा त्याचा धर्म असतो. हें मनांतील ओझें ज्याला न सांगतां कळतें असा मनुष्य त्याला वर्षांतून एकदां या संमेलनांतच भेटतो. आमच्या भगिनींनीं हेंही लक्षांत घ्यावें कीं, एके काळीं पुरुषांचा असलेला हा धंदा आज तेथें बहुतांशी स्त्रियांच्या हातीं आहे. घर सांभाळून स्वतंत्रपणें करतां येणारें, बुद्धीचें व चांगल्या प्राप्तीचें काम म्हणून अनेकींनीं तें पत्करलें. बहिऱ्या विद्यार्थ्याच्या शेजारीं बसून प्राध्यापकाचें व्याख्यान त्याच्या डोळ्यांपुढें अक्षरांत उमटविणाऱ्या, किंवा दूरदर्शनावरील बोलणें तत्क्षणीं मथळ्यांत देणाऱ्या, त्या याच विद्येच्या धनी.

परंतु अलीकडे या संमेलनांवर एका काळजीची छाया पडली आहे. २०१३-१४च्या सुमारास संघानें करविलेल्या पाहणींत असें भाकीत करण्यांत आलें कीं, २०१८पर्यंत मागणीच्या मानानें सुमारें ५,५०० लघुलेखक कमी पडतील. जुने निवृत्त होत आहेत, नवे पुरेसे येत नाहींत. दुसरीकडे ध्वनिमुद्रण स्वस्त झालें. अलास्का संस्थानानें तर आरंभापासून ध्वनिमुद्रणावरच काम चालविलें आहे. तोंडावर मुखवटा धरून ऐकलेलें शब्दशः पुन्हां हळू उच्चारणारे ‘वाणी-लेखक’ आले, आणि आतां बोललेलें आपोआप लिहिणारें यंत्र आलें. ‘मनुष्याची गरज काय?’ हा प्रश्न उघड विचारला जाऊं लागला.

या प्रश्नाचें उत्तर देतांना संघाच्या बाजूनें बोलणारे ‘मनुष्य चुकत नाहीं’ असें म्हणूं लागले तर तें खरें होणार नाहीं. २०१९ सालीं ‘लँग्वेज’ या भाषाशास्त्राच्या नियतकालिकांत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फिलाडेल्फियाच्या कोर्टांतील २७ लघुलेखकांना तेथील कृष्णवर्णीय लोकांच्या नित्याच्या बोलींतील वाक्यें ऐकवून लिहून घेण्यास सांगितलें. ९५ टक्क्यांची परीक्षा दिलेल्या या मंडळींनीं संपूर्ण बरोबर लिहिलेलीं वाक्यें निघालीं ५९.५ टक्के. सुमारें ३१ टक्के वाक्यांत कोणी, काय, कोठें, केव्हां केलें याचाच अर्थ बदलला. आणि ऐकलेल्या वाक्यांचा अर्थ सांगा म्हटल्यावर तर सुमारें एक तृतीयांश वाक्यांचाच अर्थ बरोबर आला. यांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. जी बोली कोणी शिकविलीच नाहीं, ती कानाला कशी कळणार? यंत्र मात्र निःपक्षपाती असेल असें म्हणावें, तर तेंही नाहीं. २०२० सालीं स्टॅनफर्डच्या संशोधकांनीं पांच मोठ्या कंपन्यांच्या श्रुतलेखन-यंत्रांची परीक्षा केली. गोऱ्या माणसांच्या बोलण्यांत शंभर शब्दांमागें सुमारें १९ चुका, तर कृष्णवर्णीयांच्या बोलण्यांत सुमारें ३५. व्यासांची दुसरी अट ती हीच. वेगाची अट गणपतीनें पाळली तसें यंत्रही पाळतें. अर्थाची अट पाळण्यास त्या त्या माणसाची भाषा समजावी लागते.

येथवर वाचून ‘हें त्यांचें झालें, आपला काय संबंध?’ असें कोणी म्हणेल. संबंध फार जवळचा आहे. १९०८च्या जुलैंत मुंबईच्या हायकोर्टांत लोकमान्य टिळकांवर जो राजद्रोहाचा खटला चालला, त्यांत टिळकांनीं स्वतःच्या बचावाचें भाषण २१ तासांहून अधिक वेळ केलें. वाद होता तो शब्दांचा. ‘केसरी’तील मराठी लेखांचें इंग्रजी भाषांतर सरकारनें कोर्टापुढें ठेवलें होतें, आणि त्यांतील शब्दांचा रोख मूळ मराठीहून निराळा पडतो हें दाखविण्यासाठीं टिळकांनीं भाषांतरकाराची उलटतपासणी केली. निकाल विरुद्ध गेला, सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. परंतु त्याच वर्षीं न. चिं. केळकरांनीं त्या खटल्याची शब्दशः हकीगत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली, म्हणून टिळक नेमकें काय बोलले, न्यायमूर्ति दावर काय म्हणाले, हें आजही आपणांस वाचतां येतें. शिक्षेपूर्वींचे त्यांचे उद्गार त्याच कोर्टाच्या भिंतीवर १९५६ सालीं संगमरवरांत कोरले गेले. तीं अक्षरें कोरण्यापूर्वीं ते उद्गार कोणीतरी चुकल्यावांचून टिपले होते, हें आपण विसरतों.

आपल्या कोर्टांची चालू रीत मात्र निराळी आहे. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ऐकतो, आणि सारांश सलग निवेदनाच्या रूपांत लेखनिकास सांगतो. प्रश्नोत्तर जसेंच्या तसें घेण्याची मुभा न्यायाधीशास आहे, पण सामान्य वहिवाट निवेदनाची. साक्ष पुरी झाल्यावर ती वाचून दाखवून दुरुस्त करण्याची कायद्यांत तरतूद आहे, आणि ती मोलाची आहे. तरी विचार करा: मालवणच्या बाजूचा एखादा साक्षीदार ‘इलो आणि गेलो’ म्हणतो. त्याच्या बोलींत त्याचा अर्थ ‘तो आला आणि गेला’. पुण्याच्या कानाला मात्र तेंच ‘मी आलों आणि गेलों’ असें वाटेल. आरोपीबद्दल बोलणारा साक्षीदार एका स्वरामुळें स्वतःच घटनास्थळीं जाऊन उभा राहतो! फिलाडेल्फियांत जें आढळलें तें अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्याच्या बाबतींत येथें घडत नसेल असें समजण्यास आधार नाहीं.

यंत्रही आपल्या दारीं आलें आहे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें घटनापीठापुढील सुनावणीचें आपोआप श्रुतलेखन प्रथमच सुरू केलें, आणि तो खटला महाराष्ट्राच्याच सत्तासंघर्षाचा होता. तेथें बोलणारे नामांकित वकील, भाषा इंग्रजी. तालुक्याच्या कोर्टांतील कुणब्याची साक्ष ही याहून कितीतरी कठीण परीक्षा आहे.

यंत्रास विरोध करणें आम्हांस मान्य नाहीं. बोरूच्या जागीं टांक आला, टांकाच्या जागीं टंकयंत्र, तसें हेंही येईल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, यंत्र उमटवील तें मूळ बोली जाणणाऱ्या शिक्षित मनुष्यानें तपासून त्याखालीं आपली सही करावी, आणि त्या मनुष्यास चांगला पगार, कठीण परीक्षा व प्रतिष्ठा हीं तिन्ही मिळावीं. अमेरिकेंतील या मंडळींनीं आपली परीक्षा आपणच ठरविली, ती दर वर्षीं एकमेकांसमोर दिली, आणि स्वतःच्या धंद्यांतील उणेपणा दाखविणारा प्रयोग करूं देण्यासाठीं त्यांच्यांतील २७ जण संशोधकांपुढें बसले. आपल्याकडे मराठी लघुलेखनाची विद्या आहे, ती शिकणारे होतकरू तरुण-तरुणीही आहेत. त्यांच्यासाठीं एकादी बोलीभाषांची परीक्षा, एकादें वार्षिक संमेलन, एकादी वेगाची शर्यत आपल्याकडील कायद्याच्या संस्थांनीं सुरू केली तर खर्च फारसा येणार नाहीं. आणि ज्या साक्षीदारास आपली जबानी कागदावर कशी उतरली तें वाचतां येत नाहीं, त्याचा शब्द मात्र त्याच्याच तोंडचा राहील.